‘मॅडम, मी एमबीबीएसच्या लायकीचा नाही का?’

पत्र

मॅडम, मी परभणी जिल्ह्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो. अकरावीपासून लातूरला होतो. नीट दोनदा दिली आणि दुसऱ्या वेळी सरकारी कॉलेज मिळालं. वडिलांची पिठाची गिरणी आहे. निकाल लागला तेव्हा गावात माझं पोस्टर लागलं होतं. इथं पहिल्या पार्ट कम्प्लिशनला, म्हणजे विषयाचा एक भाग संपला की कॉलेज घेतं त्या परीक्षेला, अ‍ॅनाटॉमीत ५० पैकी १६ आले. फिजिऑलॉजीच्या टर्मिनललाही नापास झालो. लातूरला रोज बारा-चौदा तास बसायचो, इथंही तेवढाच वेळ देतो. रात्री तीनपर्यंत व्हिडिओ बघून नोट्स काढतो, त्यामुळं सकाळची लेक्चर्स चुकतात. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, इंग्रजी सुचत नाही, येत असलेलंही गिळून टाकतो. रूममेट मुंबईचा आहे, तो माझ्यापेक्षा कमी वाचून पास होतो. ओळख झाली की मुलं आधी नीटचा स्कोअर विचारतात. घरी ‘पास झालो’ असंच सांगितलंय. कधी कधी वाटतं सगळंच संपवून टाकावं. मी एमबीबीएसच्या लायकीचा नाही का?

— प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी

उत्तर

बाळा,

तुझा प्रश्न पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे, पण मी त्याच्या आधीच्या ओळीपाशी थांबले. ‘सगळंच संपवून टाकावं’ म्हणजे काय संपवावंसं वाटतं? हे शिक्षण, की स्वतःला? मी हे सरळ विचारते आहे, कारण आडून विचारलं की मुलं ‘तसं काही नाही मॅडम’ म्हणतात आणि विषय तिथंच मिटतो. मनात जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार येत असेल, तर पुढचं वाचायच्या आधी १४४१६ ला फोन लाव. ती टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. आज रात्री खोलीत एकटा राहू नकोस, रूममेटला जागं ठेव, मग तो मुंबईचा असो की कुठला. आणि उद्या सकाळी तुझ्याच हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत जा. आपले सर तिथं असतील, काय म्हणतील, याचा विचार करू नकोस. त्यांच्याकडे तुझ्या कॉलेजची मुलं रोज येत असतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलानं २०२४ मध्ये अहवाल दिला. त्याच्या पाहणीत पंचवीस हजारांहून जास्त एमबीबीएसच्या मुलांनी उत्तरं दिली होती, आणि चारांत एकाहून जास्त मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं होतं. म्हणजे तुमच्या लेक्चर हॉलमधल्या प्रत्येक बाकावर असं कुणीतरी बसलेलं असतं. तुला त्यांच्यात तू एकटाच दिसतोस, एवढंच.

आता लायकीचं.

मागचे गुण आणि मेडिकलमधले गुण यांचा संबंध आहे का, यावर पुष्कळ अभ्यास झालेत. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्या सगळ्यांचा एकत्र आढावा आला होता. त्यात असं निघालं की वैद्यकीय पदवीच्या मुलामुलांच्या गुणांत जो फरक पडतो, त्यातला सुमारे २३ टक्के फरक आधीच्या शैक्षणिक गुणांनी सांगता येतो. म्हणजे चौथा हिस्साही पुरता नाही. बाकीचा फरक प्रवेशानंतर काय घडतं यावर आणि इतर कितीतरी गोष्टींवर ठरतो: कसा अभ्यास करतोस, कुणाबरोबर करतोस, झोपतोस किती, वर्गात असतोस का, अडलं की कुणाला विचारतोस का, घरचा आणि पैशाचा घोर किती आहे. तेव्हा नीटचा स्कोअर विचारणाऱ्यांना काय ते खुशाल सांगून टाक. आणि स्कोअरवरून, कोट्यावरून कुणी टोमणे मारत असेल, पुन्हा पुन्हा मारत असेल, तर ती मस्करी नसते, ते रॅगिंग असतं. कॉलेजात अँटी-रॅगिंग समिती असते. तिच्याकडे लेखी द्यायचं.

मी अ‍ॅनाटॉमी शिकवण्यात ३१ वर्षं घालवली. लातूरहून आलेली मुलं दर वर्षी बघितली आणि त्यांच्या कष्टाबद्दल मला कधी शंका आली नाही. पहिल्या पार्ट कम्प्लिशनला त्यातली बरीच आपटायची, आणि कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असायचं. नीटला १८० प्रश्न असतात आणि प्रत्येकाखाली चार पर्याय. उत्तर तिथं छापलेलंच असतं, तुला ते ओळखायचं असतं. दोन वर्षं तू हजारो प्रश्न सोडवून ओळखण्यात पटाईत झालास. इथं समोर येतो कोरा कागद आणि त्यावर हातात जाणाऱ्या नसांच्या जाळ्याबद्दल एक ओळ: ब्रेकियल प्लेक्ससचं वर्णन करा. ओळखायला काही नाही, सगळं आठवून काढायचं. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. रस्त्यात चेहरा बघून ‘हा आपल्या शाळेतला’ हे कळतं, पण नाव ओठावर येत नाही, तसं.

रात्री तीनपर्यंत व्हिडिओ बघताना तुला सगळं समजल्यासारखं वाटतं ना? बोलणारा माणूस हुशार आहे, चित्रं रंगीत आहेत, तू मान डोलावतोस, वही भरते. तेव्हाही तू ओळखतोच आहेस. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये एक साधा प्रयोग केला. मुलांना एक उतारा दोनदा वाचायला दिला. दुसरा उतारा त्याच मुलांना एकदाच वाचायला दिला आणि मग तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचलेला उतारा पुढं होता. आठवड्यानं तपासलं तेव्हा पारडं फिरलेलं होतं: दोनदा वाचलेलं ४२ टक्के आठवलं, आणि आठवून लिहिलेलं ५६ टक्के. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग वेगळाच वाटतो. याच प्रयोगाच्या पुढच्या टप्प्यात, जी मुलं नुसतं वाचत राहिली त्यांनाच ‘आपल्याला चांगलं आठवेल’ अशी जास्त खात्री होती. तुझ्या सोळा गुणांचं उत्तर मला त्या खात्रीत दिसतं. तू आळशी नाहीस, मंद तर मुळीच नाहीस. तुला वाटत होतं तेवढं डोक्यात शिरत नव्हतं, आणि ते तपासून बघायची सोय तुझ्या अभ्यासात कुठंच नव्हती.

करून बघू. एक कोरा कागद घे. पुस्तक, मोबाइल दोन्ही कपाटात. डावीकडे एकाखाली एक पाच मुळं लिही: सी-५, सी-६, सी-७, सी-८, टी-१. वरची दोन एकत्र येऊन वरचा ट्रंक, सी-७ एकटा मधला, खालची दोन मिळून खालचा. प्रत्येक ट्रंकचे पुढचा आणि मागचा असे दोन फाटे. तिन्ही मागचे फाटे एकत्र आले की पोस्टिरिअर कॉर्ड. वरच्या आणि मधल्या ट्रंकचे पुढचे फाटे मिळून लॅटरल कॉर्ड, खालच्याचा पुढचा फाटा तसाच पुढं जातो तो मिडिअल कॉर्ड. आता कॉर्डमधून निघणाऱ्या नसा. बहुतेक तू इथं कुठंतरी अडकशील. अडकलास की थांब, डोळे मिट, दोन मिनिटं दे. त्या दोन मिनिटांत जी ओढाताण होते ना, खरा अभ्यास तोच असतो. मग पुस्तक उघड, जिथं चुकलं तिथं लाल पेनानं दुरुस्त कर आणि तो कागद फाडून टाक. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. चौथ्या वेळी हात आपोआप चालतो.

आणि काढून झाल्यावर एक प्रश्न स्वतःला विचार: यातली रेडिअल नर्व्ह गेली तर माणसाचं काय होईल? तुमच्याकडे ट्रॅक्टरवरून पडून दंडाचं हाड मोडलेला कुणीतरी असेलच. दंडाच्या हाडाला मागून चिकटून ही नस जाते. हाड मधोमध मोडलं तर ती दुखावू शकते, आणि मग त्या माणसाला मनगट वर उचलता येत नाही, पंजा लोंबतो. अशी एक गोष्ट त्या चित्राला जोडली की ती नस पुन्हा विसरायची नाही. व्हायवात परीक्षकही हेच विचारतात.

व्हिडिओ बंद कर असं मी म्हणत नाही. मला स्वतःला त्यातले काही फार आवडतात. पण आधी कोरा कागद, मग जे अडलं तेवढ्यापुरता व्हिडिओ. आणि तोही रात्री अकराच्या आत.

कारण झोप. तू लिहिलंस की तीनला झोपतोस. फिजिऑलॉजीत तुला पुढं शिकवतीलच, दिवसभर शिकलेलं मेंदू पक्कं करतो ते बऱ्याच अंशी झोपेत. चार तास झोपून चौदा तास वाचणं हा तोट्याचा व्यवहार आहे. वर त्यात सकाळचं लेक्चर जातं. परीक्षेला बसायला थिअरीत ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, हे तुला पहिल्या दिवशी सांगितलं असेल. इंटर्नलमध्येही, म्हणजे कॉलेजच्या परीक्षांत, किमान गुण लागतात, नाहीतर विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्मच अडकतो. मी दर वर्षी एक-दोन तरी मुलं पाहिली, ज्यांना विषय येत होता आणि हजेरीपायी बसता आलं नाही. त्यांच्या आई-वडिलांना ऑफिसात बसवून ते सांगायची वेळ माझ्यावर यायची. तो प्रसंग तुझ्या वडिलांवर येऊ देऊ नकोस.

डिसेक्शन हॉलमध्ये तू कुठं उभा राहतोस? हे तू लिहिलं नाहीस, पण मी सांगू शकते. मागं, उंच मुलांच्या खांद्यांच्या पलीकडं, फॉर्मलिननं डोळे चुरचुरतात म्हणून रुमाल लावून. ज्याला येत नाही तो मागं सरकतो, मागं सरकला की दिसत नाही, दिसलं नाही की आणखी येत नाही. पुढच्या डिसेक्शनला दहा मिनिटं आधी जा आणि प्रेताच्या खांद्यापाशी उभा राहा. चिमटा तू हातात घे. नस आणि रक्तवाहिनी यांतला फरक बोटाला कळतो, नस भरीव दोरीसारखी लागते. एकदा बोटांत धरली की चित्रातल्या रेघेला वजन येतं. तिथं ज्यानं देह दिलाय त्यानं तो नेमका तुझ्यासारख्या मुलासाठी दिलाय. मागं उभं राहणं त्याच्याही कामाचं नाही.

इंग्रजीचं दुःख मला माहीत आहे. मीसुद्धा मराठी शाळेतली. पहिल्या वर्षी व्हायवाला माझ्या हातात स्कॅप्युला दिला. बाजू ओळखली, स्नायू माहीत होते, पण वाक्यच जुळेना. ‘इट इज… इट इज…’ करत राहिले. समोरच्या परीक्षकांनी हाड काढून घेतलं आणि म्हणाले, ‘हे तुमचं काम नाही, घरी जाऊन भाकऱ्या थापा.’ मी बाहेर येऊन जिन्यात तासभर बसले होते. त्यांचं वागणं चूक होतं, आजही मला ते चूकच वाटतं. पण त्या रात्री माझ्या डिसेक्शनच्या टेबलावरच्या एका मैत्रिणीनं मला हाड हातात देऊन आरशासमोर उभं केलं. पाच वाक्यं, मोठ्यानं. हे कोणतं हाड, कोणत्या बाजूचं, कशावरून, त्याला काय चिकटतं, ते काय करतं. व्हायवाचं इंग्रजी फार लहान असतं रे. दोनशे-अडीचशे शब्द आणि दहा-बारा साचे, तेच फिरून फिरून येतात. स्नायू विचारला तर ओरिजिन, इन्सर्शन, नर्व्ह सप्लाय, अ‍ॅक्शन, याच क्रमानं. रोज रात्री झोपायच्या आधी एक हाड किंवा एक स्नायू, मोठ्यानं, उभं राहून. महिन्याभरात जीभ वळते.

समजून मात्र मराठीतच घे, त्यात काही कमीपणा नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एकोणिसाव्या शतकात मराठीतून वैद्यक शिकवायचा वर्ग होता, त्यासाठी मराठीत पुस्तकं लिहिली गेली. आपल्या भाषेत हे शास्त्र मावतं. आणि पुढं वॉर्डात गेलास की तुझा मराठवाड्याचा मराठी कान हाच तुझा मोठा आधार ठरेल. म्हातारी ‘पोटात कालवतंय’ म्हणाली की तिला काय होतंय, हे तुला लगेच कळेल.

तुझ्या मुंबईच्या रूममेटबद्दल. तो कमी वाचतो असं तुला दिसतं. तो वर्गात असतो का? मेसमध्ये जेवताना सीनियरशी बोलतो का? तीन मित्र बसून एकमेकांना प्रश्न विचारतात का? बरीचशी मुलं अशा वेळी अभ्यासच करत असतात, फक्त तो अभ्यासासारखा दिसत नाही. लंडनमधल्या एका मेडिकल स्कूलमध्ये मुलांच्या मैत्रीचा मागोवा घेतला होता. त्यात मित्रामित्रांचे गुण एकमेकांच्या जवळ जाणारे निघाले, आणि ही मैत्री बरीचशी आपल्यासारख्याच मुलांशी आणि कॉलेजनं ज्या गटात टाकलं त्या गटातल्यांशी जुळलेली होती. तुझ्याकडे तुझं डिसेक्शनचं टेबल आहे, तुझी प्रॅक्टिकल बॅच आहे. त्यातली दोन मुलं शोध. पहिला नंबर काढणारी नकोत, रोज येणारी हवीत. रात्री जेवणानंतर पाऊण तास बसायचं, एकानं शिकवायचं, दोघांनी अडवायचं. सुरुवात रूममेटपासून केलीस तरी चालेल. त्याला म्हण, ‘मला अपर लिंबमध्ये (म्हणजे हाताच्या भागात) काही कळत नाहीये.’ पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून बाहेर पडणं अवघड असतं. पुढचं सोपं आहे.

हेच वाक्य तुझ्या मेंटॉरपुढेही म्हणायचं आहे. तुला कुणीतरी मेंटॉर शिक्षक नेमून दिलेले असतील, त्यांचं नाव कदाचित तुला आठवतही नसेल. उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्याकडे जा आणि ‘माझे मार्क कुठं गेले ते दाखवा’ एवढंच विचार. आम्हा शिक्षकांकडे नापास झालेली मुलं फार क्वचित येतात. येतात ती ६८ चे ७० का नाही झाले हे विचारायला. सोळावाला मुलगा दारात उभा राहिला, तर त्याला परत पाठवणारा शिक्षक मी फार थोड्या वेळा पाहिला. आणि तसा भेटलाच, तर त्याच विभागात दुसरं दार असतं.

प्रॅक्टिकलचं जर्नल वेळेत पूर्ण कर, कुणाचं बघून उतरवू नकोस. किरकोळ वाटतं, पण बेल्जियममधल्या मेडिकलच्या मुलांचा प्रवेशापासून शेवटच्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा नेमून दिलेलं काम वेळच्या वेळी चोख करण्याच्या स्वभावाचं वजन वर्षागणिक वाढत गेलेलं दिसलं. पहिल्या वर्षी त्याचा फारसा फरक पडत नव्हता, शेवटी शेवटी पुष्कळ पडत होता. ती सवय आत्ताच लागते.

पैशाचं तू लिहिलं नाहीस, पण लातूरची दोन वर्षं फुकट झाली नसणार. तू कोणत्या प्रवर्गातला आहेस मला माहीत नाही. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, तुला लागू असेल ती शिष्यवृत्ती, वसतिगृहाचा निर्वाहभत्ता, यांचे अर्ज भरलेत का? कॉलेजच्या विद्यार्थी कक्षात जाऊन एकदा विचार. मुदत निघून गेली की वर्ष जातं.

राहिलं घर. तू वडिलांना पास झालो म्हणून सांगितलंस. हे खोटं तुला दर रविवारी फोनवर पुन्हा सांगावं लागत असणार, आणि माझा अंदाज आहे की छातीवरचं बरंचसं ओझं सोळा गुणांपेक्षा त्या फोनचं आहे. मी अशा कितीतरी वडिलांना भेटले आहे. मुलगा नापास झाला म्हणून कोसळलेले मला फारसे आठवत नाहीत. ‘आम्हाला का नाही सांगितलं’ म्हणून रडलेले आठवतात. फोनवर जमणार नसेल तर पुढच्या सुट्टीत घरी जा, गिरणी बंद व्हायच्या वेळेला वडिलांजवळ बस आणि सांग. सोबत हेही सांग, म्हणजे त्यांना धीर येईल: ही कॉलेजची परीक्षा होती, विद्यापीठाची अजून व्हायची आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत एखादा विषय राहिलाच तर पुरवणी परीक्षा असते, आणि ती सुटली की मुलगा आपल्याच बॅचबरोबर दुसऱ्या वर्षात जातो. पहिलं वर्ष सोडवायला चार प्रयत्न मिळतात. तुझ्यावर ती वेळ येईल असं मला वाटत नाही. पण दार किती उघडं आहे हे माहीत असलं की माणूस शांतपणे अभ्यास करतो.

इतकं सगळं एकदम करायला जाऊ नकोस, आठवड्याभरात दमशील. या आठवड्यात तीनच गोष्टी: ओपीडीत जाऊन ये, रात्री साडेअकराला दिवा बंद, आणि रोज एक कोरा कागद. रूममेटशी बोलणं जमलं तर चौथी.

आणि मला पुन्हा पत्र लिही. सोबत ब्रेकियल प्लेक्ससचं तुझं चित्र पाठव, पुस्तक न बघता काढलेलं. चुकलं असेल तर नीटनेटकं करून दुसरं काढू नकोस, तेच पाठव. लाल पेन माझ्याकडे आहे.